राहिलेला दिवस

दुर्गेश्वरी घरी आली तेव्हा आमचे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, अडतीस दिवसांचे झाले होते. पंचवीस दिवसांत उपटून रोवायचे ते पऱ्हे वाफ्यातच ताठरले होते, शेंड्याला पिवळे पडले होते. पाऊस रोज दुपारी बोदलकसाच्या डोंगरावर काळा होऊन बसायचा आणि संध्याकाळी तसाच निघून जायचा. शेवटी कालव्याला पाणी सोडलं. पाळ्या ठरल्या. आमच्या चार बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, बुधवार आणि गुरुवार मिळाला. आणि मंगळवारी ही पोरगी दहा दिवसांची सुट्टी घेऊन दारात उभी.

"आली का वं?" तिची आई रुख्मिणी चुलीपुढून न उठताच म्हणाली. "बरं झालं. उद्यापासून रोवणा आहे."

"आई, मी रोवाले नाही आली."

"मंग कायले आली?"

दुर्गेश्वरीनं पाठीवरची बॅग उतरवली.

ही माझी नात. वय एकोणीस. गोव्याच्या एका क्लबात फुटबॉल खेळते. गोलकीपर आहे. खेळते म्हणजे, गेलं वर्षभर तिथं बसते. क्लबात तीन गोलकीपर, त्यातली ही तिसरी. वर्षात अकरा मॅची झाल्या. दहा मॅची ही बाकावर बसून होती. अकराव्या मॅचीत शेवटचा अर्धा तास तिला उभी केली आणि त्या अर्ध्या तासात दोन गोल झाले. अख्ख्या गावानं ते मोबाईलवर पाहिलं. तेव्हापासून पानठेलेवाला मुन्नालाल मला रोज विचारतो, "काय जी उदाराम, पोरीले बसाचा पगार वेळेवर भेटते नं?"

पगार वेळेवर भेटतो. गावातल्या लोकांना नेमकं तेच सहन होत नाही.

ह्या वर्षी मात्र गोष्ट बदलली होती. पहिली गोलकीपर दुसऱ्या क्लबात गेली. मणिपूरची एक नवी पोरगी आणली. वीस तारखेला कॅम्प सुरू होणार. तिघींतल्या दोघी ठेवणार, एकीला घरी पाठवणार. तिच्या सरांचा मोबाईलवर निरोप आला होता. तो मीच मोठ्यानं वाचून दाखवला. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून घरातल्या सगळ्यांना तो नीट ऐकू आला.

"हाथ संभाल के रखना. बीस तारीख को सबसे पहले हाथ देखूँगा."

माझा मुलगा योगराज डोकं खाजवायला लागला.

"काय झालं गा?" मी विचारलं.

"मी तं संध्याले सांगून बसलो. आमची दुर्गी येऊन राहिली, चार दिवस तिचे धर म्हणून."

"कोणाले विचारून?" दुर्गेश्वरी ओरडली.

"घरच्या पोरीले विचारा लागते का?"

आमच्याकडे लहान शेतकऱ्यांत रोवणा दिवसाला दिवस असा चालतो. संध्याच्या टोळीत आठ बायका. त्या आठजणी एक दिवस आमच्या बांधीत वाकल्या, की आमच्या घरच्या बाईनं आठ दिवस त्यांच्या बांध्यांत वाकायचं. गड्याचा दिवस त्यात धरत नाहीत. गड्यानं चिखल करावा, पऱ्ह्यांच्या जुड्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बांधीत फेकाव्या, बिड्या ओढाव्या. रुख्मिणी एकटी. तिच्या पायाच्या बोटांत दर वर्षी चिखल्या होतात, चौथ्या दिवशी ती लंगडायला लागते. म्हणून योगराजनं अर्धे दिवस पोरीच्या नावावर टाकून दिले होते. संध्या म्हणजे आमच्या शेजारच्या कैलाशची बायको. तिनं शब्द पकडला की मग तो सुटत नाही.

बुधवारी पहाटे दुर्गेश्वरीनं दहाही बोटांना पांढरी पट्टी गुंडाळली. धुऱ्यावर बायकांनी ते पाहिलं.

"हे काय वं बोटाले? हळद लागली का तुले?"

"पट्टी आहे काकी. बोटं मुरगळू नाही म्हणून."

"रोवण्यानं कोणाची बोटं मुरगळली वं आजवर?" संध्या म्हणाली. "आमची कशी राहिली मंग?"

दहा वाजेपर्यंत चिखलानं पट्ट्या सोडवल्या. त्या जळवांसारख्या पाण्यावर तरंगत होत्या. दुर्गेश्वरी वाकून रोवत होती, पण तिचा हात मंद झाला होता. दोन वर्षं तिनं हे काम केलं नव्हतं. ओळीत ती मागं पडायची, मग शेजारची बाई तिच्या वाटची चार रोपं लावून घ्यायची आणि ते सांगूनही दाखवायची. दुपारी ती कंबर धरून धुऱ्यावर बसली तेव्हा संध्या म्हणाली, "पगार बसाचाच घेते नं, सवय कशी सुटन?" सगळ्या हसल्या. दुर्गेश्वरीही हसली. पण तिची मान लाल झाली होती.

संध्याकाळी तिनं हातमोजे बाहेर काढले. जाड, हिरवे, तळव्याला रबर. पहिल्या पगारात घेतले होते. ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे असतात, ऊन लागलं तर रबर फाटतं, असं तिनं आम्हाला तीनदा सांगितलं. तेवढ्यात मुन्नालाल आला.

"दोन दिवसांसाठी दे नं वं हे मोजे. मोहाच्या झाडाले आग्या मोहोळ आहे, काढाचं आहे."

"मुन्नालाल काका, हे मोहोळ काढाचे नाही होत."

"तू तं बसूनच राह्यते. माया तरी कामी येतीन."

तिनं मोजे बॅगेत टाकले आणि चेन ओढली. त्या दिवसापासून बॅग ती उशाशी घेऊन झोपायला लागली.

टोळीचा बुधवार झाला, गुरुवारी उरलेलं आम्ही घरच्यांनीच रोवलं. शुक्रवारपासून ती टोळीबरोबर दुसऱ्यांच्या बांध्यांत जायला लागली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. हात मऊ पडले, बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी झाली. ती रोज रात्री कोमट पाण्यात हात धुवायची, कोरडे करायची, मलम लावायची. रुख्मिणी कुरकुरायची, "आमच्या चिखल्यांले कोणी मलम आणून नाही दिलं बाप्पा." दुर्गेश्वरीनं अर्धं मलम आईच्या पायाला लावलं. त्यावरही रुख्मिणी म्हणाली, "गुळगुळ लागते."

रविवारी मुन्नालालच्याच बांधीत रोवणा होता. मी धुऱ्यावर जुड्या फेकायला उभा होतो. आता सांगायला हरकत नाही, ही पोरगी झेलायला माझ्याकडून शिकली. आठ वर्षांची होती तेव्हा मी धुऱ्यावरून जुड्या फेकायचो आणि ती त्या खाली पडूच द्यायची नाही. चिखलात धपाधप पडायची, पण जुडी छातीशी. पुढं शाळेतल्या मास्तरांनी तिला गोलात उभी केली. ती सवय अजून गेली नव्हती. जुडी अंगाजवळून गेली, की तिचा हात आपोआप जायचा.

"रोव नं वं, झेलून काय राहिली?" संध्या चिडली.

पण मुन्नालालला गंमत वाटली. त्यानं एक जुडी जोरात भिरकावली. "झेल वं गोलकीपर!"

तिनं झेलली. मग दुसऱ्या धुऱ्यावरून योगराजनं फेकली. तीही झेलली. रस्त्यानं जाणारे दोघं थांबले, त्यांनीही फेकल्या. उजवीकडं, डावीकडं, डोक्यावरून. चिखलात पाय रुतलेले असताना पोरगी कंबरेतून वळत होती आणि एकही जुडी सोडत नव्हती. बायका काम टाकून उभ्या राहिल्या. संध्यासुद्धा. नऊ जुड्या झाल्या. दहावी मी फेकली.

माझी बाजू तिच्या पाठीकडची होती. ती वळेपर्यंत जुडी आली. चिखलानं भरलेली, दोन-अडीच किलोची. डाव्या हाताचा अंगठा मागं वळला.

अंगठा काखेत दाबून ती खाली बसली.

"मांगून का फेकली आबा?" ती एवढंच म्हणाली. "समोरून फेकाची होती."

मी म्हटलं, "सगळ्यांनी फेकल्या, म्हणून मीही."

"सगळे येडे आहेत!" ती म्हणाली आणि उरलेला अर्धा दिवस तिनं उजव्या हातानं रोवला. मुन्नालालचा दिवस पुरा करूनच ती घरी आली. चारातले तीन झाले. चौथा संध्याच्या स्वतःच्या बांधीतला, ती कालव्याच्या अगदी शेपटाला. तिथं अजून पाणी पोचलं नव्हतं.

सोमवारी अंगठा सुजून वांग्यासारखा झाला. दुर्गेश्वरी सकाळीच कालव्याच्या उंच पाळीवर चढली, तिथंच फोटो जाण्याएवढी रेंज येते. क्लबाच्या फिजिओला अंगठ्याचा फोटो पाठवून ती परत आली.

"काय म्हणे तो?" योगराजनं विचारलं.

"ती बाई आहे. उत्तर येईन. तोपर्यंत हलवाचा नाही."

"फोटो पाठवून सूज उतरते का वं?" रुख्मिणी म्हणाली आणि माझ्याकडं, सासऱ्याकडं वळली. "मामाजी, भिलवा लावा नं तिले."

भिलवा, म्हणजे बिब्बा, माझ्या डोक्यात आधीच आला होता. चाळीस वर्षं मी टाचांच्या भेगांना भिलवा लावत आलो. गुडघ्याला लावला, कंबरेला लावला. माझ्या अंगावर तो कधी उतला नाही. योगराजच्याही नाही. उतणारी माणसं वेगळी असतात, ती आमच्या घरात नाहीत, असं मी धरून चाललो होतो.

"आबा, नको," दुर्गेश्वरी म्हणाली.

"एक थेंब. वरून चुन्याची रेघ."

"नको म्हणते नं मी. उत्तर येऊ द्या."

"वीस तारीख त्या उत्तरासाठी थांबणार आहे का?" योगराज म्हणाला. तेवढ्यात संध्या आपल्या चौथ्या दिवसाची आठवण करून द्यायला आली. तीही बोलली, "भिलव्यानं माया सासऱ्याचा खांदा एका रात्रीत बसला. ह्या पोरीले गोव्याचं पाणी लागलं आहे, बाकी काही नाही."

चौघं एकदम बोलत होतो. पोरगी आळीपाळीनं आमच्याकडं पाहत राहिली. पाच दिवसांच्या चिखलानं तिचे डोळे खोल गेले होते. शेवटी तिनं हात पुढं केला.

"लावा. लावा एकदाचा. अन् मले झोपू द्या."

मी सुई तापवली, भिलव्यात खुपसली, दिव्यावर धरली. तेल सुटलं. अंगठ्याच्या मुळाशी लावलं. चांगला माणूस तिथं थांबला असता. मला वाटलं, बेचक्यांतली कातडी कुजली आहे, तिथंही बोट फिरवावं. फिरवलं.

मंगळवारी सकाळी तिला डावा डोळा उघडता येत नव्हता. झोपेत हात डोळ्याला लागला होता. आणि हाताकडं पाहवत नव्हतं. बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी फुगलेली, तळव्यावर पाण्यानं भरलेले फोड. मनगटापर्यंत आग. रुख्मिणीनं खोबरं चावून त्याचा लेप लावला. संध्या तीळ वाटून घेऊन आली. योगराजनं फटफटी काढली, पोरीला मधे बसवलं आणि मला मागं. आम्ही तिरोड्याला गेलो.

डॉक्टर तरुण होता. त्यानं हात उजेडात धरला.

"किसने लगाया?"

योगराज पंख्याकडं पाहायला लागला. मी म्हटलं, "मी जी."

"पहले कभी इसको लगाया था?"

"नाही. मले उतत नाही, म्हणून..."

"चमड़ी इसकी है कि आपकी?"

त्यानं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या. दहा दिवस हाताला काहीही घालायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, फोड फोडायचे नाहीत. दुर्गेश्वरीनं एका डोळ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. वीस तारखेला पाच दिवस उरले होते.

बाहेर ओट्यावर बसून तिनं सरांना फोन लावला. योगराज तिच्या कानाशी पुटपुटत होता, "पडली म्हण. मोटारसायकलवरून पडली म्हण. सोपं जाईन."

"बाबा, तुम्ही चूप राहा." तिनं फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला, कारण उजव्या हातानं तिनं डावा हात उचलून धरला होता. "सर, नमस्ते. सर, मेरे हाथ पे भिलावा लग गया."

"क्या लग गया?"

"भिलावा, सर. फल रहता है, जंगल का. धोबी लोग उससे कपड़े पे निशान लगाते हैं."

"तो तुम्हारे हाथ पे क्यों लगाया?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चपलेकडं पाहिलं.

"आबा ने लगाया, सर. अंगूठा मुड़ गया था. अच्छे के लिए लगाया."

"मैंने क्या लिखा था, दुर्गेश्वरी? एक ही लाइन लिखी थी."

"हाँ सर."

"बीस को आ जाओ. हाथ जैसा भी हो, लेके आ जाओ. नहीं आई तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा. आई तो भी पता नहीं."

फोन बंद झाला. दुर्गेश्वरी म्हणाली, "बरं वाटलं का आता सगळ्यांले?" आम्ही दोघं बापलेक ओट्यावर उभे होतो, ती बसली होती, तरी आम्हीच खाली असल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी तिरोड्याच्या स्टेशनावर मी तिला सोडायला गेलो. योगराजनं येणं टाळलं, कालव्यावर काम आहे म्हणाला. तिचा हात पातळ ओल्या फडक्यात सैल गुंडाळलेला. दुसऱ्या हातात हातमोज्यांचं ओलं फडकं. बॅग माझ्याकडं. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा होती आणि त्या पंचवीस मिनिटांत मी चारदा बोलायला तोंड उघडलं.

"आबा," ती म्हणाली, "काही बोलू नका. खरंच, आता काही बोलू नका."

मला राग आला. तिचाही आला, त्या सरांचाही आला, आणि भिलव्याचा तर सर्वात जास्त. चाळीस वर्षं नीट वागला आणि नेमका आताच उलटला.

गाडी दिसायला लागली तेव्हा तीच बोलली. "संध्याकाकीचा एक दिवस राहिला. तिले सांगा, कापणीत येऊन देते."

"रोवण्याचा दिवस कापणीत चालत नाही वं."

"मंग तुम्ही जा!" ती चिडून म्हणाली. "तुम्हीच लावला, तुम्हीच जा." आणि डब्यात चढली. खिडकीत बसल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. गाडी हलल्यावर पाहिलं.

त्यानंतर फोन रोज यायचा, पण आईला. हात आता कसा आहे, विचारलं की "आहे" म्हणायची. एकदा म्हणाली, सर पायानंच खेळवून राहिले. गोलकीपरलाही आता पायानं चेंडू द्यावा लागतो, आणि तिचा डावा पाय चांगला आहे, हे सरांना वर्षभरात पहिल्यांदाच दिसलं. रुख्मिणीनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात माझ्यासाठी काहीच नव्हतं. मुन्नालाल ठेल्यावरून ओरडायचा, "काय जी उदाराम, आता काय लावता मंग? अंगठ्याले डिझेल?"

कालव्याचं पाणी शेपटापर्यंत पोचायला जुलै संपला. दोन ऑगस्टला संध्याच्या बांधीत चिखलणी झाली. आदल्या संध्याकाळी ती आमच्या दारात आली.

"उद्या दुर्गीचा दिवस आहे. माहीत आहे मले, ती नाही येत. मंग रुख्मिणी दोन करन का?"

रुख्मिणीचे पाय हळदीनं बांधलेले होते. ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी येतो."

"तुम्ही?" संध्या हसली. "मामाजी, जुड्या फेकाले कैलाश आहे नं घरी."

"फेकाले नाही. रोवाले."

"गड्याचा दिवस धरत नाही जी आम्ही."

"नको धरू. मी येतो."

सकाळी मी ओळीत उभा राहिलो तेव्हा सात बायका तोंडावर पदर धरून होत्या. मला धोतर गुडघ्याच्या वर खोचायला लागलं. वाकलो. ह्या वयात वाकणं जमतं, वाकून राहणं जमत नाही. रोप अंगठा आणि दोन बोटांत धरायचं, चिखलात दाबायचं आणि हात असा काढायचा, की रोप हातासोबत वर येऊ नये. आयुष्यभर बायकांना हे करताना पाहिलं. माझी रोपं दर खेपेला वर येत होती.

"मामाजी, ते तरंगून राहिले!"

"मामाजी, ओळ तिरोड्याकडं चालली!"

"आमच्या वाकड्या ओळीवर तं धुऱ्यावरून किती बोलत होते तुम्ही!"

दुपारपर्यंत माझी कंबर दोन ठिकाणी तुटली. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या. दर चार रोपांनी मी मांडीवर हात टेकायचो. जेवणानंतर बायकांचं हसणं संपलं, कारण मी मागं राहिलो की काम त्यांनाच पडायचं. संध्या माझ्या शेजारी आली आणि माझ्या वाटची रोपं दोन हातांनी लावायला लागली. सांगून दाखवलं नाही.

चारच्या सुमारास धुऱ्यावर संध्याच्या पिशवीत फोन वाजला. तिथं कालव्याची पाळ जवळ आहे, रेंज येते. ती पाण्यातून गेली, फोन उचलला, बोलली, आणि ओरडली, "दुर्गीचा आहे! तुमच्या घरून नंबर घेतला म्हणे."

माझे हात चिखलात कोपरापर्यंत. संध्यानंच फोन माझ्या कानाशी धरला.

"आबा? आई म्हणते तुम्ही बांधीत गेले?"

"हो."

"कायले?"

"तूच म्हटली नं, तुम्ही जा."

"मी रागानं म्हटलं होतं जी."

"मी रागानंच आलो."

ती हसली. स्टेशनापासून आजवर मी ते ऐकलं नव्हतं. पण मला हसू येईना. मी विचारलं, "यादी लागली का?"

"लागली. दोघी ठेवल्या. मणिपूरची पयली."

"अन् दुसरी?"

"दुसरी मी."

संध्यानं फोन घट्ट धरला. सातही बायका वाकलेल्याच, पण कोणाचा हात हलत नव्हता.

"मंजे ह्या वर्षीही बसाचंच?" मी म्हटलं.

"बसाचंच आबा. पण मांगच्या साली तिसरी बसत होती, आता दुसरी बसन."

"एवढा हात जाळून?"

"हात तुम्ही जाळला!"

"अंगठा कसा आहे पण?"

"अंगठा बसला."

"सांगत होतो मी..."

"बारा दिवस हलवला नाही म्हणून बसला, आबा! फिजिओनं तेच सांगितलं होतं, हलवू नका म्हणून. तुम्ही कोणाचं..." आणि ती तिथं गोव्यातून ओरडत राहिली. संध्याला सगळं ऐकू येत होतं. ती तोंड वळवून हसत होती. मी ऐकून घेतलं. कंबर सरळ करायला तेवढाच वेळ मिळाला.

फोन संपल्यावर संध्यानं तो पदराला पुसला आणि पिशवीत टाकला. परत येऊन ओळीत उभी राहिली, माझी वाकडी ओळ शेवटपर्यंत पाहिली.

"काकीचा दिवस फिटला का, विचारत होती ती फोन उचलल्यावर," ती म्हणाली. "मी म्हटलं, सूर्य बुडाचा आहे अजून."

मग तिनं एक जुडी सोडवून माझ्या हातात दिली.

"वाका मामाजी. अर्धी बांधी राहिली आहे."